कला, वकिलाती आणि मुंबई: सांस्कृतिक मुत्सद्देगिरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाटक, संगीत, चित्रकला किंवा एखादी परदेशी भाषा शिकणारा मुंबईकर कधी ना कधी परदेशी सांस्कृतिक केंद्राची पायरी चढतो. तिथे चांगलं ग्रंथालय असतं, सिनेमे फुकट बघायला मिळतात, क्वचित शिष्यवृत्तीही मिळते. मग मनात येतं, हे लोक आपल्यावर एवढा खर्च का करतात? या विषयावर विद्यार्थी, कलाकार आणि रसिक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

एखादा देश दुसऱ्या देशात गाण्या-नाटकांवर पैसे का घालतो?

आपल्याबद्दल समोरच्या समाजात आधीच आपुलकी असली, की करार करताना, गुंतवणूक आणताना, संयुक्त राष्ट्रांत मतं मागताना वाट सोपी होते म्हणून. अमेरिकी अभ्यासक जोसेफ नाय यांनी १९९०च्या सुमारास याला ‘सॉफ्ट पॉवर’ हे नाव दिलं, पण व्यवहार त्याहून बराच जुना आहे. फ्रान्समध्ये अलियाँस फ्राँसेझ १८८३ साली स्थापन झाली. प्रशियाकडून झालेल्या पराभवाला तेव्हा जेमतेम बारा वर्षं झाली होती. ब्रिटिश कौन्सिल १९३४ची, म्हणजे युरोपात फॅसिझम जोरात असतानाची. पश्चिम जर्मनीत गोएथे इन्स्टिट्यूट १९५१ साली सुरू झाली, नाझी राजवटीचा काळिमा ताजा असताना. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते: देशाची पत घसरलेली किंवा धोक्यात असते, तेव्हाच सरकारांना आपल्या कवींची आणि संगीतकारांची आठवण होते.

मग हा निव्वळ प्रचार नाही का?

कधी असतो, कधी नसतो. ओळखायचं कसं, तर आधी पैसा कुणाचा आहे हे उघड सांगितलं जातं का ते बघावं. मग पाठवलेल्या कलाकाराला स्वतःच्या सरकारविरुद्ध बोलता येतं का ते बघावं. १९५७ साली अमेरिकेतल्या लिटल रॉक शहरात काळ्या विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या शाळेत जाण्यापासून अडवलं गेलं. तेव्हा जॅझ गायक-वादक लुई आर्मस्ट्राँग यांनी आपल्याच सरकारवर जाहीर टीका केली आणि सरकारी खर्चाने ठरत असलेला सोव्हिएत दौरा नाकारला. त्यांच्या त्या नकाराने अमेरिकेची अब्रू गेली असं तेव्हा अनेकांना वाटलं. पण सरकारला तोंडावर ‘नाही’ म्हणणारा कलाकार ज्या देशात उजळ माथ्याने गात राहतो, त्या देशाबद्दल बाहेरच्या माणसाला विश्वास वाटतो. तो विश्वास कुठल्याही माहितीपत्रकाने मिळत नाही.

मुंबईत हे सगळं कुठे दिसतं?

काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीच्या शेजारी मॅक्स म्यूलर भवन, म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूटची इथली शाखा, आहे. न्यू मरीन लाइन्सला अलियाँस फ्राँसेझ आहे. पेडर रोडवर रशियन सांस्कृतिक केंद्र आहे. अमेरिकन सेंटर पूर्वी न्यू मरीन लाइन्सला होतं, ते वकिलातीबरोबर वांद्रे-कुर्ला संकुलात गेलं. रोजच्या लोकल प्रवासात ज्यांना चर्चगेट जवळ पडायचं, त्यांना हा बदल जाणवला. भर वस्तीतलं, सहज आत शिरता येणारं ग्रंथालय आणि सुरक्षा तपासणीच्या तीन दारांमागचं ग्रंथालय यांत फार फरक आहे. परदेशी केंद्राचं यश त्याच्या दारातून किती सहज आत जाता येतं यावर बरंचसं ठरतं, असं माझं मत आहे.

याशिवाय मुंबईची भगिनी शहरं आहेत. योकोहामाशी नातं १९६५चं, स्टुटगार्टशी १९६८चं, लॉस एंजेलिसशी १९७२चं. यातल्या बऱ्याच नात्यांचा मुंबईकराला पत्ताच नसतो.

शीतयुद्धाच्या काळात मुंबईत नेमकं काय चाललं होतं?

दोन्ही महासत्ता या शहरात एकमेकींशी चढाओढ करत होत्या आणि मुंबईकर दोन्हींचा आस्वाद घेत होते.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १९५६पासून जॅझ वादकांना जगभर पाठवायला सुरुवात केली. १९५८ साली जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांचा वाद्यवृंद पोलंड, तुर्कस्तान करत भारतात आला. मुंबईत ब्रुबेक यांची सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याशी भेट झाली आणि दोघांनी एकत्र वाजवलं. वॉशिंग्टनच्या कागदावर हेतू होता भारताला अमेरिकेच्या जवळ आणण्याचा. त्या बैठकीत मात्र दोन वादक एकमेकांची लय शोधत होते. पुढे ब्रुबेक यांनी या दौऱ्यात ऐकलेल्या तालांवर रचना केल्या. म्हणजे ज्यांनी प्रभाव टाकायला माणूस पाठवला, त्यांचाच माणूस प्रभावित होऊन परतला. सांस्कृतिक मुत्सद्देगिरीतला हाच भाग मला सर्वात मोलाचा वाटतो.

सोव्हिएत बाजूने पुस्तकं आली. मॉस्कोत छापलेली, जाड कागदाची, रंगीत चित्रांची मराठी पुस्तकं इथे अगदी थोड्या पैशांत मिळत. लोकवाङ्मय गृह या प्रकाशनसंस्थेच्या दुकानांतून आणि प्रदर्शनांतून ती गिरणगावातल्या चाळींपर्यंत पोहोचली. कामगाराच्या घरात मुलांसाठी घेतलेलं पहिलं पुस्तक रशियन लोककथांचं असणं, हे त्या पिढीत विशेष नव्हतं. ही पुस्तकं राजकीय हेतूने स्वस्त ठेवली होती यात शंका नाही. तरी त्यातल्या चेकॉव्ह-टॉलस्टॉयची गोडी राजकारणाच्या पलीकडे टिकली.

आणि उलट्या दिशेने गेला तो राज कपूर. ‘आवारा’ १९५४ साली सोव्हिएत संघात प्रदर्शित झाला आणि सहा कोटींहून अधिक तिकिटं विकली गेली. चेंबूरच्या निर्मात्याने हिंदी प्रेक्षकासाठी काढलेला हा सिनेमा. तो काढताना परराष्ट्र धोरण कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

अण्णा भाऊ साठे यांचं नाव या संदर्भात का घेतात?

कारण त्यांच्या आयुष्यात हा सगळा विषय एकवटलेला आहे. घाटकोपरच्या चिरागनगरात राहणाऱ्या या शाहिराने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला. त्यांना कुठल्या वकिलातीने तो रचायला सांगितला नव्हता. त्यांच्या लेखनाची रशियन भाषांतरं झाली, १९६१ साली ते स्वतः रशियाला गेले आणि त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिलं. त्यांना बोलावण्यात सोव्हिएत संघाचा फायदा होता हे उघड आहे. पण इथल्या प्रस्थापितांनी ज्या दलित, कामगार लेखकाला मानाचं पान दिलं नाही, त्याला तिथे लेखक म्हणून मान मिळाला, हेही तितकंच खरं आहे. ही पोकळी आपणच ठेवली होती. परक्याच्या मुत्सद्देगिरीला अशाच पोकळीतून वाट मिळते.

सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतल्या विदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णा भाऊंच्या पुतळ्याचं अनावरण महाराष्ट्राचे तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते झालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत युक्रेन युद्ध पेटलं होतं आणि पश्चिमेकडच्या देशांनी रशियाशी सांस्कृतिक संबंध तोडायला सुरुवात केली होती. अशा वेळी हा समारंभ रशियाच्याही सोयीचा होता. पुतळ्याबद्दलचा माझा आनंद त्यामुळे कमी होत नाही, पण समारंभाची वेळ कुणाला कशी उपयोगी पडते हे ध्यानात ठेवलं पाहिजे.

गुप्त पैशाचा प्रकार मुंबईत घडला होता का?

हो. मार्च १९५१ मध्ये मुंबईत सांस्कृतिक स्वातंत्र्याची बाजू मांडण्यासाठी मोठी परिषद भरली. राजकीय नेते मिनू मसानी त्यात पुढे होते. तिच्यातून उभ्या राहिलेल्या समितीने १९५५ साली ‘क्वेस्ट’ हे इंग्रजी नियतकालिक काढलं आणि कवी निसीम इझिकेल त्याचे पहिले संपादक झाले. लेखन दर्जेदार होतं. पुढे १९६६-६७ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांनी उघड केलं, की या चळवळीच्या जागतिक संघटनेला सीआयएकडून छुपा पैसा जात होता. याच संघटनेच्या लंडनमधल्या ‘एन्काउंटर’ या भावंड मासिकाचे संपादक कवी स्टीफन स्पेंडर यांनी त्यावरून राजीनामा दिला.

‘क्वेस्ट’मधल्या कविता आणि समीक्षा त्यामुळे खोट्या ठरत नाहीत. नुकसान झालं ते लेखकांचं. आपल्या लेखणीमागे कुणाचा पैसा आहे हे ठाऊक नसताना त्यांनी ती प्रामाणिकपणे चालवली, आणि संशय मात्र त्यांच्यावर आला. तोच पैसा उघडपणे दिला असता तर वाचकाने तो हिशेबात धरून वाचलं असतं. म्हणून मी निधीच्या रकमेपेक्षा पारदर्शकतेला महत्त्व देते.

मराठी रंगभूमीचा या सगळ्याशी काय संबंध?

खूप जवळचा संबंध आहे, आणि त्यावर व्हायला हवी तेवढी चर्चा झालेली नाही.

पूर्व जर्मनीला जगाने स्वतंत्र देश म्हणून मान्यता द्यावी यासाठी ते सरकार वर्षानुवर्षं धडपडत होतं. भारताने ती मान्यता १९७२ साली दिली. त्याच काळात पूर्व जर्मनीतल्या वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ भारतात येऊन जर्मन नाटककार ब्रेश्टची नाटकं बसवू लागले. मुंबईत विजया मेहता यांनी त्यांच्या सहकार्याने ‘अजब न्याय वर्तुळाचा’ केलं. ब्रेश्टच्या नाटकाचा मराठी अवतार चिं. त्र्यं. खानोलकरांनी रचला होता. त्यात आपल्या लोकनाट्याचं सगळं सामर्थ्य पणाला लागलं. पुढे विजयाबाईंनी जर्मनीत जाऊन जर्मन नटांना घेऊन संस्कृत नाटकं बसवली. राजनैतिक मान्यतेसाठी सुरू झालेल्या देवाणघेवाणीतून मराठी नटांना ब्रेश्टकडे बघण्याची नवी दृष्टी मिळाली आणि जर्मन प्रेक्षकांना कालिदास रंगमंचावर भेटला. तो पूर्व जर्मन देश १९९० साली नकाशावरून पुसला गेला. नाटकांनी दिलेलं शिक्षण मात्र इथल्या नटांच्या कामात राहिलं.

दुसरं उदाहरण ‘घाशीराम कोतवाल’चं. विजय तेंडुलकरांचं हे नाटक पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९८० साली युरोपच्या दौऱ्यावर नेलं. त्याआधी गदारोळ उठला. पेशवाईतल्या नाना फडणवीसांचं लंपट आणि क्रूर असं चित्र परदेशात दाखवलं तर महाराष्ट्राची बदनामी होईल, असा विरोधकांचा मुद्दा होता. नाटक शेवटी गेलं आणि युरोपातल्या प्रेक्षकांना आणि समीक्षकांना ते विलक्षण आवडलं. माणसांची भिंत, कीर्तन, लावणी, अभंग यांतून सत्तेची क्रूरता दाखवणारा समाज मागासलेला आहे असं तिथे कुणी म्हटलं नाही. स्वतःच्या इतिहासाला रोखठोक प्रश्न विचारणारी कला बाहेर पाठवणं हा आत्मविश्वासाचा पुरावा असतो. आपल्या सरकारी यादीत असं नाटक आजही सहज बसेल का, याची मला खात्री वाटत नाही आणि त्याचं मला वाईट वाटतं.

भारत स्वतः काय करतो?

मौलाना अबुल कलाम आझाद यांनी १९५० साली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद, म्हणजे आयसीसीआर, स्थापन केली. ती संस्कृती मंत्रालयाच्या नव्हे, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या, परदेशातली भारतीय सांस्कृतिक केंद्रं आणि कलापथकांचे दौरे ही तिची मुख्य कामं. १९८२ साली ब्रिटनमध्ये भारत महोत्सव झाला, त्यानंतर अमेरिका, फ्रान्स आणि सोव्हिएत संघात. पुपुल जयकर यांनी त्यांची आखणी केली. खेड्यातले कारागीर आणि लोककलावंत थेट तिथल्या प्रेक्षकांसमोर बसवण्याची त्यांची कल्पना धाडसी होती. अलीकडचं मोठं यश योगाचं: २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन ठरवण्याच्या ठरावाला डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांत १७७ देश सहप्रस्तावक होते. मुंबईत मे २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात ‘वेव्हज’ ही दृक्-श्राव्य आणि मनोरंजन क्षेत्राची जागतिक परिषद झाली. तिचा भर मात्र उद्योगावर होता.

मी कलाकार आहे. आयसीसीआरतर्फे परदेशी जायचं तर काय करावं?

परिषदेची कलाकारांची नामिका, म्हणजे निवडलेल्या कलाकारांची यादी, असते. तिच्यात नाव यावं यासाठी अर्ज करावा लागतो आणि सादरीकरणाची ध्वनिचित्रफीत द्यावी लागते. तज्ज्ञ समिती ती बघून कलाकाराला श्रेणी देते. नामिकेत नाव आलं म्हणजे दौरा मिळालाच असं नाही. मागणी परदेशातल्या आपल्या दूतावासांकडून किंवा महोत्सवांकडून यावी लागते. मुंबईत परिषदेचं प्रादेशिक कार्यालय आहे, तिथे चौकशी करा. चित्रफीत घाईने मोबाइलवर काढून पाठवू नका. आवाज स्वच्छ हवा, साथीदार दिसायला हवेत, आणि संकलनाचे तुकडे न जोडता एक सलग सादरीकरण हवं. एकदम दहा-बारा जणांचा संच न्यायचा असेल तर चार-पाच जणांत बसणारी दुसरी आवृत्ती तयार ठेवा. विमानभाड्याचं गणित सगळीकडे आडवं येतं.

परदेशी केंद्राकडून निधी घेण्यात काही गैर आहे का?

उघडपणे, कागदावर, नियमात घेतला तर गैर नाही. संस्थेला परदेशी देणगी घ्यायची असेल तर विदेशी अंशदान कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२०च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. कामाचा मोबदला आणि देणगी यांत कायदा फरक करतो, तेव्हा कुठली रक्कम कशात मोडते ते सीएकडून आधीच तपासून घ्या. करारात आशयावर नियंत्रणाचं कलम आहे का ते वाचा. असलं तर ते काढायला सांगा, आणि ते तयार नसतील तर नम्रपणे नकार द्या. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर निधी देणाऱ्याचं नाव ठळक छापा.

वस्तुसंग्रहालयांतून मुत्सद्देगिरी कशी होते?

डिसेंबर २०१३ मध्ये आपल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सायरस सिलिंडर आला. बॅबिलॉनमध्ये सापडलेला, कीलाकार लिपी कोरलेला मातीचा हा नळकांडा इराणचा सम्राट सायरसच्या विजयाची हकिकत सांगतो. मालकी ब्रिटिश म्युझियमची. त्यांनी तो २०१०-११ मध्ये तेहरानलाही पाठवला होता, ब्रिटन आणि इराण यांचे संबंध ताणलेले असताना. मुंबईत त्याचं दर्शन घ्यायला पारशी कुटुंबं आजी-आजोबांना घेऊन आली, कारण त्यांच्यासाठी ती पूर्वजांची खूण होती. वस्तू इराणी सम्राटाची, सापडली आजच्या इराकमध्ये, श्रेय ब्रिटनला आणि भावना मुंबईच्या पारशांच्या.

वाघनखांचंही तसंच. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ती तीन वर्षांच्या उसनवारीवर दिली आणि जुलै २०२४ मध्ये ती साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवली गेली. ती अफझलखानाच्या भेटीत वापरलेलीच आहेत याची खात्री देता येत नाही, असं खुद्द त्या म्युझियमने नमूद केलं आहे. ब्रिटनच्या कायद्याने अशा संग्रहालयांना वस्तू कायमची देऊन टाकणं जवळपास अशक्य आहे, म्हणून उसनवारी. तिच्यातून ब्रिटनला सदिच्छा मिळते आणि वस्तू त्यांचीच राहते. आपण ती जरूर बघावी, मुलांना दाखवावी, आणि परत मिळवण्याची मागणीही चालू ठेवावी.

पाकिस्तानी कलाकारांचं काय?

ऑक्टोबर २०१५ मध्ये षण्मुखानंद सभागृहात होणारा गुलाम अली यांचा कार्यक्रम शिवसेनेच्या विरोधानंतर रद्द झाला. जगजित सिंग यांच्या स्मरणार्थ तो होता. २०१६च्या उरी हल्ल्यानंतर सिनेमातूनही पाकिस्तानी कलाकारांना वगळलं गेलं. २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्यावर सरसकट बंदी घालण्याची याचिका फेटाळली आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

२६/११ भोगलेल्या शहरातला राग खोटा नाही. सीएसएमटीवर माणसं गमावलेल्या घरांना गझलेचं कौतुक सांगायला मी जाणार नाही. पण परराष्ट्र धोरणाचा निर्णय सरकारने घ्यावा, त्याची जबाबदारी उचलावी आणि तो लेखी असावा. सभागृहाच्या दारात घेतलेला निर्णय कुणाचाच नसतो आणि त्याला कुणी उत्तरदायी नसतं.

चीनचं काय?

मुंबई विद्यापीठात चीनच्या सहकार्याने कन्फ्यूशियस इन्स्टिट्यूट सुरू झाली होती. २०२० साली गलवान खोऱ्यातल्या भारत-चीन चकमकीनंतर केंद्र सरकारने देशभरातल्या अशा संस्थांचा फेरविचार सुरू केला. यात एक तोटा आहे: चीनशी स्पर्धा करायची तर चिनी भाषा येणारे मराठी तरुण हवेत. त्यांना शिकवण्याची सोय आपल्याच खर्चाने व्हायला हवी.

याचा खरंच परिणाम होतो का? की नुसते समारंभ?

मोजता येईल असा परिणाम थोडा, पण खोल जाणारा बराच. ‘आवारा’मुळे सोव्हिएत मदतीचा भिलाईचा पोलाद कारखाना मिळाला असं कुणी म्हणू नये, त्या कराराची कारणं वेगळी होती. मात्र इथून गेलेल्या विद्यार्थ्याला मॉस्कोच्या ट्राममध्ये अनोळखी आजी त्या सिनेमातलं गाणं म्हणून दाखवत, अशा आठवणी कितीतरी जणांनी लिहून ठेवल्या आहेत.

आणि सगळ्यात मोठा परिणाम अनेकदा ज्यांना कुणी पाठवलेलं नसतं त्यांच्याकडून होतो. नाझींपासून जीव वाचवून मुंबईत आलेले वॉल्टर लँगहॅमर, रुडी फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर यांनी इथल्या तरुण चित्रकारांना शिकवलं, त्यांच्यावर लिहिलं, त्यांची चित्रं विकत घेतली. १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या जडणघडणीत त्यांचा वाटा मोठा आहे. जर्मन भाषेचं आणि युरोपीय कलेचं नाव मुंबईत मोठं केलं ते त्या राजवटीने हाकलून दिलेल्या माणसांनी.

यात मराठीला जागा कितपत आहे?

आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त असू शकते. भारताचं चित्र परदेशात जाताना कथक, भरतनाट्यम, सतार आणि हिंदी सिनेमा यांच्या पलीकडे क्वचित जातं. राज्य सरकारने मनावर घेतलं तर काम होतं: डॉ. आंबेडकर लंडनमध्ये ज्या घरात राहिले ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलं. पण घर आणि पुतळा यांच्या पुढचं काम भाषांतराचं आहे, आणि तिथे आपण फार मागे आहोत. मॉस्कोतला पुतळा बघून एखाद्या रशियन मुलीला अण्णा भाऊ वाचावेसे वाटले, तर तिच्या हातात आजच्या रशियनमधलं चांगलं भाषांतर पडायला हवं. त्यासाठी पुतळ्यापेक्षा कमी पैसे लागतील, पण अनुवादकाला वर्षभराचं मानधन द्यावं लागेल.

दुसरं काम मुंबईतच करण्यासारखं आहे. इथल्या वकिलातींतले सांस्कृतिक अधिकारी तीन-चार वर्षं या शहरात काढतात आणि दादरचं शिवाजी मंदिर किंवा पार्ल्याचं दीनानाथ न बघता परत जातात. नाट्यनिर्मात्यांनी महिन्यातून एक प्रयोग इंग्रजी उपशीर्षकांसह करावा, पहिल्या दोन रांगा या मंडळींसाठी ठेवाव्यात आणि आमंत्रण हाताने नेऊन द्यावं. प्रयोगानंतर त्यांना विंगेत नेऊन नटांशी गाठ घालून द्यावी. पुढच्या महोत्सवासाठी नाटक निवडायची वेळ येईल तेव्हा त्यांना दिल्लीहून आलेल्या यादीबरोबर स्वतः पाहिलेलं मराठी नाटकही आठवेल.